पुराचं पाणी आणि घरातली म्हातारी माणसं: वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

गेल्या अंकात पुराच्या भागात राहणाऱ्यांनी आपले प्रश्न कळवावेत असं म्हटलं होतं. पत्रं, व्हॉट्सअ‍ॅप, ईमेल सगळीकडून आलेत आणि बहुतेक प्रश्न घरातल्या आई-वडिलांबद्दल, आजी-आजोबांबद्दल आहेत. नावं कोणाचीच टाकलेली नाहीत. औषधांबद्दल जे लिहिलंय ते आपल्या डॉक्टरांना एकदा दाखवून घ्या, कारण प्रत्येकाची किडनी नि हार्ट वेगळं असतं.

प्रश्न: आमचं गाव शिरोळ तालुक्यात, नदीच्या अगदी जवळ. आबा ७९ वर्षांचे आहेत, गुडघे गेलेत, एकदा हार्टचा त्रास होऊन गेलाय. दरवर्षी जुलै लागला की आमचं भांडण ठरलेलं. ते म्हणतात २००५ ला पाणी कुठवर आलेलं मला माहितीये, पायरीला लागलं की बघू. २०१९ ला रात्री बोटीतून काढावं लागलं, तरी तेच चालूय. उचलून न्यायचं का?

उचलून नेऊ नका, पण पायरीला पाणी लागायची वाटही बघू नका. आबांच्या जागी मी असते तरी कदाचित तेच म्हटलं असतं, कारण ज्या माणसानं आयुष्यभर नदी बघितलीय त्याला वाटतं की आपल्याला तिचा अंदाज आहे, आणि तो अंदाज खोटा नसतोच, फक्त जुना झालेला असतो. २००५ ची खूण भिंतीवर करून ठेवलेली कितीतरी घरं आहेत, आणि २०१९ ला त्याच खुणेच्या भरवशावर माणसं घरात बसून राहिली आणि पाणी खुणेच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट, आणि २०१९ ला पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. लोक म्हणाले असं शंभर वर्षांतून एकदा होतं, आणि दोनच वर्षांनी जुलै २०२१ ला ते ५६ फुटांच्या आसपास पोचलं. म्हणजे आता कुठलीच खूण शेवटची नाही.

आता मुद्द्याचं. धडधाकट माणसासाठी ४३ चा आकडा ठीक आहे, आबांसाठी ३९ चा. म्हणजे इशारा पातळी हीच त्यांची धोका पातळी समजायची, असं घरात सगळ्यांनी पाऊस लागायच्या आधीच बसून ठरवायचं. जपानमध्ये हे सरकारी पातळीवरच ठरवून टाकलंय, तिथे इशाऱ्याच्या पाच पायऱ्या आहेत आणि तिसऱ्या पायरीला सांगतात की वयस्कर मंडळींनी आणि ज्यांना वेळ लागतो त्यांनी आता निघा, बाकीच्यांनी चौथ्या पायरीला. यामागे तिथला फार वाईट अनुभव आहे, २०१८ च्या पुरात कुराशिकी शहरातल्या माबी भागात ५१ माणसं गेली, त्यातली बहुतेक पासष्टीच्या पुढची, आणि बरीचशी घराच्या तळमजल्यावरच सापडली. कित्येक घरांना वरचा मजला होता, पण जिना चढणं झालं नाही. तुमच्या घराचा माळा आणि आबांचे गुडघे, दोन्ही डोळ्यासमोर आणा, मग मी काय म्हणतेय ते कळेल.

शिरोळचं अजून एक आहे. तिथे पाणी कोल्हापूरच्या मागून येतं, त्यामुळे अजून वेळ आहे असं वाटत राहतं, पण एकदा आलं की कृष्णा फुगलेली असल्यामुळे पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही आणि दिवसेंदिवस तिथंच थांबून राहतं. त्यात रस्ते घराच्या आधी बंद होतात. घरात पाणी नाही, अंगण कोरडं आहे, पण ओढ्यावरचा पूल गेलेला आहे, अशा वेळी आबांच्या छातीत दुखलं तर अ‍ॅम्ब्युलन्स येणार कुठून? मला पुराच्या पाण्यापेक्षा या दिवसांची जास्त काळजी वाटते. पुरात बुडून गेलेल्यांचे आकडे पेपरात येतात, पण रस्ता बंद म्हणून अ‍ॅटॅकमध्ये वेळेत हॉस्पिटलला न पोचलेला म्हातारा माणूस त्या आकड्यात कुठेच नसतो.

तयार कसं करायचं. एक तर भांडणाच्या सुरात नको, आणि "तुमच्यामुळे आम्हाला त्रास" हे वाक्य चुकूनही नको. बऱ्याचदा म्हातारी माणसं घरासाठी अडत नाहीत, जनावरांसाठी अडतात. गोठ्यात म्हैस असेल तर आबा तिला सोडून निघणार नाहीत आणि त्यांचं बरोबरच आहे. मग आधी जनावरांची सोय करा, कुठल्या पाहुण्याच्या गोठ्यात, कुठल्या उंच गावात, वैरण कोण नेणार, हे जूनमध्येच बोलून ठेवा, आणि जनावरांबरोबर आबांना "लक्ष ठेवायला" पाठवा. नुसतं "सुरक्षित जागी चला" म्हटलं की त्यांना वाटतं आपल्याला सामानासारखं हलवतायत. काम दिलं की माणूस निघतो. दुसरं म्हणजे जायची जागा त्यांना विचारून ठरवा, लेकीकडे जायचं नसतं कित्येकांना, संकोच वाटतो, पण जुन्या मित्राकडे आठ दिवस आनंदानं राहतील. आणि पाणी आलंच नाही तर परत आल्यावर कोणीही "उगाच नेलं" असं म्हणायचं नाही, एकदा तसं म्हटलं की पुढच्या वर्षी ते हलायचे नाहीत.

प्रश्न: मी ७४ वर्षांची, सांगलीत तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. आमच्या बिल्डिंगमध्ये पाणी पार्किंगमध्ये येतं, वर येत नाही. मग मी कशाला बाहेर पडू? कॅम्पमध्ये जायचं मला नको वाटतं.

ताई, तुमचं म्हणणं अर्धं पटतंय. पाणी तिसऱ्या मजल्यावर येणार नाही हे खरं. पण २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली धोका पातळी ४५ आहे, आणि ते एका दिवसात उतरलं नाही. पार्किंगमध्ये पाणी आलं की मीटर बंद, मीटर बंद की लिफ्ट बंद आणि टाकीत पाणी चढवणारी मोटर बंद, म्हणजे वर राहणारा माणूस कोरडा असतो पण अडकलेला असतो.

आणि इथे एक गोष्ट मुद्दाम लिहिते कारण याबद्दल कोणी बोलत नाही. नळाला पाणी नाही, फ्लशला पाणी नाही, मग बायका काय करतात तर पाणी पिणंच कमी करतात. कॅम्पमध्ये पण हेच, संडास लांब, रांग, अंधार, चिखल, म्हणून दिवसभर दोन घोट पाणी पिऊन राहायचं. तरुण बाईला हे दोन दिवस चालतं. सत्तरीत तहानच मुळात कमी लागते, त्यात मुद्दाम कमी प्यायलं की लघवीला जळजळ, इन्फेक्शन, चक्कर, आणि मग माणूस असंबद्ध बोलायला लागतो आणि घरच्यांना वाटतं धक्का बसलाय. बरेच जण याच भीतीनं बीपीची, लघवी जास्त होण्याची गोळीसुद्धा परस्पर बंद करतात, ज्यांचं हार्ट कमजोर आहे त्यांना मग पायाला सूज, रात्री दम लागतो. गोळ्या आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. उलट्या-जुलाब होत असतील तर मात्र डॉक्टरांना फोन करून विचारा, त्या दिवसांत काही गोळ्या कमी कराव्या लागतात.

तर तुमच्यासाठी माझं उत्तर असं. डायलिसिस चालू असेल, ऑक्सिजनचं मशीन लागत असेल, रात्री उठून बाथरूमला जाताना आधार लागत असेल, नाहीतर बिल्डिंगमधली बाकी सगळी कुटुंबं निघून जात असतील तर तुम्ही पण निघा, तिसरा मजला असला तरी. यातलं काहीच नसेल आणि वरच्या मजल्यांवर माणसं थांबणार असतील तर राहू शकता, पण पाऊस वाढल्याबरोबर पिण्याचं पाणी आणि वापरायचं पाणी वेगवेगळं भरून ठेवा, कळशीनं नको, लहान बाटल्यांत भरा म्हणजे उचलायला पेलेल. गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या. मेणबत्तीऐवजी बॅटरी. कमोडच्या खुर्चीला लाजू नका. आणि रोज सकाळी एका ठरलेल्या शेजाऱ्याला दारावर टकटक करायला सांगा. कॅम्पच पाहिजे असं कोणी म्हणत नाही, मिरजेला, विश्रामबागला, कुठल्या नातेवाइकाकडे सोय होत असेल तर ते केव्हाही चांगलं.

प्रश्न: इन्शुलिन फ्रीजशिवाय किती दिवस चालतं? पुरात आमच्याकडे लाईट पाच-सहा दिवस नसते.

वापरात असलेली बहुतेक इन्शुलिनं साध्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३० अंशांच्या आत, साधारण चार आठवडे चालतात, तुमच्या खोक्यावर नेमकं किती लिहिलंय ते बघून घ्या. पावसाळ्यात आपल्याकडे तेवढा थंडावा असतोच. पिशवीत बांधून माठाच्या बाजूला नाहीतर ओल्या फडक्यात ठेवा, बर्फात थेट घालू नका, गोठलेलं इन्शुलिन वाया जातं. पाण्यासारखं स्वच्छ असणारं इन्शुलिन गढूळ दिसलं तर टोचू नका. पुराच्या दिवसांत खाणं वेळेवर होत नाही, खिचडीची पाकिटं कधी येतील सांगता येत नाही, म्हणून आधी टोचून मग जेवणाची वाट बघत बसायचं नाही, ताट समोर आलं की मगच, आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज. शुगर कमी झाल्याचा घाम आणि थरथर याला म्हातारी माणसं भीतीनं झालं म्हणतात आणि सांगत नाहीत.

प्रश्न: आईला स्मृतिभ्रंश आहे. मागच्या वेळी तिला शाळेतल्या छावणीत नेलं तर रात्रभर ती "मला घरी जायचंय" म्हणून ओरडत होती, लोक चिडले, शेवटी मला तिच्यासकट बाहेर ओसरीवर बसावं लागलं. परत तसं झालं तर?

वाचून वाईट वाटलं ताई. तुम्ही ओसरीवर बसलात तेच बरोबर केलंत, आवाज आणि गर्दी कमी झाली की ही माणसं शांत होतात. अशा पेशंटसाठी अनोळखी हॉल, ट्यूबलाईट, लहान मुलांचं रडणं हे सगळंच घाबरवणारं असतं, त्यात चष्मा घरी राहिलेला, कानाचं मशीन बंद पडलेलं, म्हणजे ना नीट दिसतंय ना ऐकू येतंय. म्हणून आईच्या पिशवीत सगळ्यात आधी चष्मा, कवळी, कानाचं मशीन आणि त्याचे सेल, मग औषधं, मग कपडे. तिची रोजची चादर, देवाचा लहान फोटो, जपमाळ, जे काही ती हातात धरते ते. छावणीत भिंतीकडेची कोपऱ्यातली जागा मागून घ्या, दारापासून लांब, कारण अशी माणसं रात्री उठून घराच्या दिशेनं चालायला लागतात आणि घराच्या दिशेला पाणी असतं. गळ्यात किंवा पदराला चिठ्ठी टाचून ठेवा, तुमचा फोन नंबर आणि "विसरण्याचा आजार आहे" एवढंच. तिला "घर बुडालं" हे सारखं समजावू नका, दर वेळी तिला ते नव्यानं कळतं आणि नव्यानं रडू येतं. "पाऊस थांबला की जाऊ" एवढं पुरे.

पण मागच्या वेळेपेक्षा ती एकदम जास्त गोंधळली, झोपून राहायला लागली, माणसं ओळखेना, तर ते नुसतं जागा बदलल्यामुळे आहे असं धरून चालू नका. ताप, लघवीचं इन्फेक्शन, पाणी कमी पडणं, यातलं काहीतरी असतं आणि त्यावर उपाय आहे. छावणीत आरोग्य पथक येतं त्यांना स्पष्ट सांगा की ही काल अशी नव्हती. हे वाक्य डॉक्टरांना फार उपयोगी पडतं.

प्रश्न: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला बोटीत कसं न्यायचं? सासऱ्यांना पॅरालिसिस आहे.

बोटीची वेळ येऊ देऊ नका हे पहिलं, रस्ता चालू असताना गाडीनं न्या. तरी वेळ आलीच तर घरात हातांची प्लास्टिकची मजबूत खुर्ची असेल तर त्यात बसवून, छातीशी आणि कमरेशी ओढणीनं सैलसर बांधून, चार जणांनी उचलायचं, खुर्ची नसेल तर जाड चादरीची झोळी. बोटीत चढल्यावर खुर्ची सोडायची, ओढणी सोडायची आणि माणसाला बोटीच्या तळाशी बसवायचं, कारण बोट कलंडली तर बांधलेला माणूस सुटत नाही. लाइफ जॅकेट त्यांना आधी, मग बाकीच्यांना. लांब लुगडं, जाड स्वेटर, बूट हे सगळं पाण्यात जड होतं. आणि बोटीत माणसं जास्त झाली असं दिसलं तर पुढच्या फेरीला थांबा, लोक आग्रह करतील तरी थांबा. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांनी भरलेली बोट उलटली आणि १७ जणांचा जीव गेला, घाबरलेली गावकरी माणसं होती, सुटका होतेय म्हणून चढलेली. त्या दिवसानंतर तरी बोटीत किती जण हे विचारायला कोणी लाजू नये.

भिजलेलं म्हातारं माणूस बाहेर काढलं की आधी ओले कपडे काढा, डोकं पुसा, कोरडं गुंडाळा. थंडीनं कुडकुडणं त्यांच्यात कमी दिसतं, पण अंग गार पडत जातं. थंडी घालवायला म्हणून दारू अजिबात नको, गरम चहा चालेल तोही पूर्ण शुद्धीवर असतील तरच.

प्रश्न: आम्ही चिपळूणचे. पाणी ओसरलं की बाबा (वय ७१) सगळ्यांच्या आधी फावडं घेऊन दुकानातला चिखल काढायला जातात. ऐकत नाहीत. काय काळजी घ्यायची?

चिपळूणचा पूर कोल्हापूर-सांगलीसारखा नाही, तिथे इंचाइंचानं चढतं, तुमच्याकडे २२ जुलै २०२१ ला बघितलंत की वाशिष्ठीचं पाणी आणि खाडीची भरती एकत्र आली की काही तासांत बाजारपेठ बुडते. महाडलाही तसंच. म्हणून तुमच्याकडे इशारा बघून निघायला वेळच कमी मिळतो, मुसळधार पाऊस आणि भरतीची वेळ जुळत असेल तर म्हाताऱ्या माणसांना रात्र पडायच्या आत उंचावर नेऊन ठेवायचं.

बाबांबद्दल. दुकान त्यांनी उभं केलंय, त्यांना घरी बसा म्हणणं मला जमणार नाही, पण आत जायच्या आधी लाईटचा मेन स्विच बंद आहे हे वायरमनकडून बघून घ्या. ओल्या हातानं, पाण्यात उभं राहून स्विचला हात नाही. गाळ साबणासारखा निसरडा असतो, सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं तर वर्ष जातं, म्हणून गमबूट आणि हातात काठी. कपाटामागे, पोत्याखाली हात घालायच्या आधी काठीनं ढवळा, पुरात साप कोरड्या जागेत येऊन बसतात. चावलाच तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही, चालवायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

आणि लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. उंदरांची, गुरांची लघवी त्या पाण्यात मिसळलेली असते आणि पायाच्या भेगांतून जंतू आत जातात. पूर ओसरल्यावर साधारण दोन-तीन आठवड्यांत ताप आला, पोटऱ्या प्रचंड दुखायला लागल्या, डोळे लाल किंवा पिवळे झाले, लघवी कमी झाली, तर "चिखलात काम केलंय म्हणून अंग दुखतंय" असं म्हणून क्रोसिनवर काढू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि पुराच्या पाण्यात उतरलो होतो हे आपणहून सांगा. सरकारी दवाखान्यात अशा वेळी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायला देतात, त्या बाबांना चालतील का हे तिथेच विचारा. ती गोळी भरपूर पाण्याबरोबर बसून घ्यायची आणि घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, अन्ननलिकेला चिकटली तर जखम होते, म्हाताऱ्या माणसांत हे जास्त बघायला मिळतं. डायबेटिस असेल तर रोज संध्याकाळी बाबांचे तळपाय तुम्ही स्वतः बघा, त्यांना खिळा टोचलेला कळणार नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय आठवत नसेल तर घेऊन टाका.

प्रश्न: माझं वय ८१. मला एकच विचारायचंय, आम्हा म्हाताऱ्यांना कोणी विचारतं का? मुलं ठरवतात, गाडीत घालतात.

आजोबा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. तुम्ही आधीच ठरवून, कागदावर लिहून मुलांच्या हातात द्या: पाणी कुठल्या आकड्याला आलं की मी निघणार, कुणाकडे जाणार, बरोबर काय घेणार, घराची किल्ली कुणाकडे राहणार. त्या कागदावर तुमची औषधं आणि जुने आजार पण लिहा, पेन्शनचं आणि बँकेचं पुस्तक, आधार, जमिनीचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच्याबरोबर ठेवा. ज्या घरात म्हाताऱ्या माणसानं स्वतः आकडा सांगितलेला असतो तिथे ओढाताण होत नाही. मुलं आमचं हे उत्तर वाचत असतील तर त्यांनाही सांगते, गाडीत बसवायच्या आधी पाच मिनिटं शेजारी बसून बोला. देवाला हात जोडायला, कुलूप स्वतः लावायला वेळ द्या. लवकर निघालात तर एवढा वेळ असतो.

प्रश्न: आम्ही दोघं भाऊ दुबईत. आई-वडील कोल्हापुरात, शुक्रवार पेठेच्या खालच्या अंगाला. पाणी वाढलं की आम्ही रात्रभर फोन करत बसतो. इथून काय करता येईल?

पहिलं म्हणजे रात्रभर फोन करू नका. लाईट गेलेली असते, आईच्या मोबाईलची बॅटरी तुमच्या, मावशीच्या, पुण्याच्या चुलत भावाच्या फोनमध्येच संपते आणि पहाटे खरंच गरज लागते तेव्हा फोन बंद. एकानंच, ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा करायचा आणि बाकीच्यांना त्यानं ग्रुपवर कळवायचं. चार्ज करून ठेवलेली पॉवर बँक आणि बटणाचा साधा मोबाईल घरात पाहिजेच.

दुसरं, कोल्हापूरची तालीम मंडळं हा तुमचा सगळ्यात मोठा आधार आहे, पुरात सगळ्यात आधी पेठेतली पोरंच येतात. पावसाच्या आधी सुट्टीवर याल तेव्हा तिथल्या दोन पोरांना घरी चहाला बोलवा, आई-बाबांची ओळख करून द्या, जिना कुठे, बाबांना कुठल्या बाजूनं धरायचं, औषधाची पिशवी कुठे टांगलेली असते ते दाखवा. राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज जाहीर होते, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी पण लगेच येते, ते पाणी कोल्हापुरात पोचायला तास लागतात आणि तेवढा वेळ तुम्हाला दुबईतून गाडी ठरवायला पुरतो. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, अ‍ॅम्ब्युलन्स १०८, ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७. यातले तीन-चार आकड्यांचे नंबर परदेशातून लागतील असं धरू नका, नियंत्रण कक्षाचा एसटीडी कोडसकटचा लँडलाईन नंबर आत्ताच काढून ठेवा आणि वरचे नंबर मोठ्या अक्षरात लिहून आईच्या फ्रीजवर चिकटवायला सांगा. पुढच्या फोनवर हवा-पाण्याच्या आधी आईला विचारा की बाबांच्या गोळ्या किती दिवसांच्या शिल्लक आहेत, पंधरा दिवसांपेक्षा कमी असतील तर त्याच दिवशी मागवा.